नियमाचे शब्द आणि साक्षीचे शब्द

दुसऱ्याचा मजकूर आपल्या लेखांत जसाच्या तसा उतरून घेणें ही गोष्ट आपल्या वाङ्मयीन जगांत कधींच प्रतिष्ठेची मानलेली नाहीं. अमक्या कादंबरीचें कथानक एका इंग्रजी पुस्तकावरून उचललें आहे, तमक्या कवीची कल्पना दुसऱ्याच्या कवितेंत आधींच सांपडते, असे शोध लावण्यांत मासिकांचीं कित्येक पृष्ठें खर्चीं पडलीं आहेत, आणि वाचकांनींहि तीं मोठ्या चवीनें वाचलीं आहेत. परंतु लिहिण्याचा असाहि एक धंदा आहे कीं, ज्यांत शब्द बदलणें हाच अपराध ठरतो आणि जो हुबेहूब उतरून घेईल तोच प्रामाणिक समजला जातो. त्या धंद्याच्या शेजारीं आम्हीं आयुष्याचीं बरींच वर्षें काढलीं. संगणकाच्या प्रोग्रॅमबरोबर जीं माहितीपुस्तकें येतात, आणि जीं बहुतेक लोक यंत्र अडल्याशिवाय उघडीत नाहींत, तीं लिहिण्याचें आमचें काम असे. पगाराचें लिहिणें आतां संपलें. तरी हाताची खोड जात नाहीं, म्हणून मुक्त सॉफ्टवेअरमधील आज्ञांचीं माहितीपत्रकें मराठींत लिहिण्याचा उद्योग आम्ही घरीं बसून करीत असतों. तो करितांना एक प्रश्न वारंवार आडवा येतो, त्याविषयीं आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ज्याचा मूळ मजकूर कोणासहि वाचतां, बदलतां व वांटतां येतो असें सॉफ्टवेअर. त्यांतील पुष्कळसें ठराविक मानकांस धरून रचलेलें असतें. एखाद्या आज्ञेनें काय केलें पाहिजे याचें काटेकोर वर्णन मानकांत असतें. अनेक तज्ज्ञांनीं वर्षानुवर्षें बसून, एकेका शब्दावर वाद घालून तें घडविलेलें असतें. मग त्या आज्ञेचें माहितीपत्रक लिहिणारानें नवे शब्द कां शोधावे? तेंच वर्णन उचलून आपल्या पत्रकांत कां ठेवूं नये? आणि ठेवावयाचें तर कोणाच्या परवानगीनें, व ठेवल्यावर तें त्या जागीं खरें राहतें काय?

ह्या मानकांपैकीं अतिशय प्रसिद्ध असें जें ‘पॉझिक्स’, त्याचेंच उदाहरण घेऊं. युनिक्स नांवाच्या संगणक-प्रणालीला अनेक शाखा फुटल्या व प्रत्येक शाखेची बोली निराळी होऊं लागली, तेव्हां अभियंत्यांच्या ‘आय-ट्रिपल-ई’ ह्या संस्थेनें १९८८ सालीं हें मानक प्रथम प्रसिद्ध केलें. गंमत अशी कीं, पॉझिक्स हें नांव सुचविलें तें मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनीं. म्हणजे ज्या ग्रंथांतील शब्द वापरण्यासाठीं पुढें मुक्तवाल्यांना परवानगी मागावी लागली, त्याचें बारसें त्यांच्याच घरच्या माणसानें केलें होतें! १९९८ पासून आय-ट्रिपल-ई, ‘ओपन ग्रूप’ आणि आंतरराष्ट्रीय मानक-संस्था ह्यांचें एक संयुक्त मंडळ ह्या ग्रंथाची देखभाल करतें. पहिली बैठक टेक्सासमधील ऑस्टिन शहरीं भरली, म्हणून त्याला ‘ऑस्टिन ग्रूप’ म्हणतात. २०२४ सालीं त्यानें मानकाची नवी आवृत्ति काढली.

परवानगीचा इतिहासहि मनोरंजक आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील मंडळीनें १९९१ सालीं आपल्या युनिक्सचा बराचसा भाग सर्वांस खुला केला. त्याच्या माहितीपत्रकांत १९८८ चें पॉझिक्स आणि १९८९ चें ‘सी’ भाषेचें अमेरिकन मानक ह्यांतील कांहीं मजकूर घेतलेला होता, आणि तो संबंधित संस्थांच्या परवानगीनें घेतला आहे असें तेथें स्वच्छ नमूद केलेलें आहे. पुढें लिनक्सच्या माहितीपत्रकांचें काम पाहणाऱ्यांनींहि तीच वाट धरली. आय-ट्रिपल-ई व ओपन ग्रूप ह्या दोन्ही स्वामींनीं रुकार दिला, आणि पॉझिक्सच्या २००३ च्या आवृत्तींतील वर्णनें लिनक्सच्या पत्रकांच्या रांगेंत येऊन बसलीं. तीं इतरांत मिसळून जाऊं नयेत म्हणून त्यांच्या विभागाच्या आंकड्यापुढें ‘पी’ हें अक्षर लावलेलें असतें. अटी थोड्याच आहेत. स्वामित्वाची सूचना काढूं नये; पान ज्या मूळ मजकुरापासून छापलें जातें तो मजकूर बरोबर द्यावा; मजकुरांत बदल करण्यास हरकत नाहीं, मात्र त्या बदलामुळें मानकाशीं विरोध येत असेल तर तो तेथल्या तेथें स्पष्ट दाखवावा. शिवाय प्रत्येक पानाशेवटीं असा इशारा असतो कीं, ही प्रत आणि मूळ मानक ह्यांत तफावत आढळल्यास मूळ मानकच निर्णायक समजावें.

आम्हांला ह्या अटींत मोठें शहाणपण दिसतें. पण सगळ्यांना तसें दिसत नाहीं. लिनक्सच्या वितरणांपैकीं डेबियन हें घराणें नियमनिष्ठेविषयीं प्रसिद्ध आहे. १९९७ सालीं त्यानें मुक्तपणाची आपली एक कसोटी लिहून काढली, आणि त्या कसोटीस न उतरणारा माल तें निराळ्या, ‘नॉन-फ्री’ नांवाच्या फळीवर ठेवतें. पॉझिक्सचीं हीं पानें त्या फळीवर आहेत. पत्रकाचें सॉफ्टवेअर मुक्त, वाचणारा मुक्त, पण पत्रकाचे शब्द मात्र अटींनीं बांधलेले. तेव्हां त्यांना माजघरांत न घेतां ओटीवरच बसविलें आहे. आमचे कांहीं स्नेही ह्याला सोंवळें म्हणून हंसतात. आम्हांसहि ह्या विशिष्ट पानांपुरतें तें सोंवळें थोडें जास्त वाटतें. तरी त्यामागची भीति पोकळ नाहीं. प्रोग्रॅम बदलण्याचा अधिकार दिला आणि त्याचें वर्णन बदलण्याचा अधिकार दिला नाहीं, तर पहिल्या बदलाबरोबरच वर्णन खोटें पडतें, आणि तें दुरुस्त करणाऱ्याचे हात बांधलेले राहतात. घराची एक भिंत पाडून दार काढावें, पण नकाशावर ती भिंत तशीच ठेवावी, अशांतला तो प्रकार होईल.

उलट बाजूहि ऐकून घेतली पाहिजे. मानक रचणाऱ्या संस्था धर्मादाय पाणपोया नव्हेत. समित्या, संपादन, छपाई ह्यांचा खर्च ग्रंथविक्रींतून भागवावयाचा असा त्यांचा प्रघात आहे, आणि त्या ग्रंथांच्या किंमती ऐकून सामान्य माणसाची छाती दडपते. ‘सी’ भाषेच्या मानकावर एकदां एक सटीक पुस्तक निघालें. डाव्या पृष्ठावर मूळ मानक, उजव्या पृष्ठावर टीका, आणि एवढें असून किंमत नुसत्या मानकाहून कमी! त्यावर धंद्यांतील टवाळांनीं म्हटलें कीं, किंमतींतील फरक हेंच टीकेचें मूल्य होय. हा विनोद निष्ठुर खरा, पण टीका चुकली तर मुळाचीहि अब्रू जाते ही जी मानककारांची चिंता, ती त्यांत पुरेपूर उतरली आहे. मानकाचें सर्व सामर्थ्य तें सर्वत्र एकच असण्यांत आहे. दहा ठिकाणीं दहा पाठ झाले कीं तें मानक उरत नाहीं. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला, आणि पुढें कोणीं त्यांत आपली ओवी घालूं नये अशी ताकीद दिली, ती काय एकनाथ कृपण होते म्हणून?

कायद्याच्या जाणकारास विचारलें तर तो म्हणतो, स्वामित्वहक्क शब्दरचनेवर असतो, कल्पनेवर नसतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंहि १९७८ मध्यें आर. जी. आनंद यांच्या खटल्यांत हेंच तत्त्व सांगितलें आहे. तेव्हां नियम तोच ठेवा आणि तो आपल्या शब्दांत सांगा, कोणी अडविणार नाहीं. सल्ला बिनचूक आहे. परंतु मानकाचा मजकूर ‘आपल्या शब्दांत’ सांगणें म्हणजे सोनाराच्या तराजूंत आपल्या घरचें वजन घालण्यासारखें आहे. तेथें प्रत्येक शब्दाचा अर्थ आधीं बांधून टाकलेला असतो. एक शब्द हलविला कीं नियमहि हलतो. म्हणजे कायदा सांगतो शब्द बदला, आणि धंदा सांगतो शब्द बदलूं नका. ह्या कात्रींत सांपडलेला लेखक साहजिकच परवानगी मागण्याकडे वळतो, आणि ती मिळाली कीं सुटकेचा निश्वास टाकून संपूर्ण उतारा आपल्या पुस्तकांत नेऊन ठेवतो. आमचें म्हणणें असें कीं, खरा घोटाळा ह्या निश्वासापासून सुरू होतो.

आमच्या एका भाचीची हकीकत येथें सांगण्याजोगी आहे. ती ज्या गांवीं राहते तेथील ग्रंथालयानें वर्गणी गोळा करून आपल्याकडील जुन्या मासिकांच्या अंकांचीं छायाचित्रें संगणकावर उतरविण्याचें काम हातीं घेतलें होतें. सर्व संग्रहाची दुसरी प्रत सुरक्षित ठेवण्यासाठीं केवढी तबकडी विकत घ्यावी हें ठरविण्याचें काम हिच्याकडे आलें. लिनक्सवर ‘डी-यू’ नांवाची एक आज्ञा आहे; कोणत्या संग्रहानें किती जागा व्यापली तें ती सांगते. आज्ञेनें उत्तर दिलें, सुमारें दीड अब्ज. दीड अब्ज काय? बाइट नव्हेत, तर एकेक ठोकळा. ठोकळा केवढा, तें पाहण्यासाठीं तिनें एका शिकवणी-वर्गानें छापलेलें माहितीपुस्तक उघडलें. त्यांत ठोकळा ५१२ बाइटांचा असें लिहिलेलें होतें. तिनें गुणाकार केला. पाऊण टेराबाइटाच्या आसपास हिशेब आला. एक टेराबाइटाची तबकडी पुष्कळ होईल असें सर्वांनुमतें ठरलें. प्रत उतरूं लागली आणि दोन-तृतीयांश काम होतें न होतें तोंच तबकडी भरून गेली. वर्गणीचा पैसा संपलेला; त्यांतून ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळांत एक गृहस्थ असे होते कीं, त्यांना ह्या सगळ्या उद्योगाविषयीं पहिल्यापासून शंकाच होती.

तिनें आम्हांला विचारलें, “मामा, पुस्तक खोटें कीं यंत्र खोटें?”

दोन्ही खरीं होतीं. पॉझिक्स मानकाप्रमाणें ‘डी-यू’चा ठोकळा ५१२ बाइटांचाच असला पाहिजे. पण लिनक्सवर जी ‘डी-यू’ असते ती ग्नू प्रकल्पाची, आणि ग्नूच्या मंडळींनीं, इतका लहान ठोकळा माणसाच्या सोयीचा नाहीं असें म्हणून, तो मुळांतच १०२४ बाइटांचा ठेवला आहे. ज्याला मानकाबरहुकूम वागणूक पाहिजे असेल त्यानें ‘पॉझिक्सली करेक्ट’ नांवाचें एक चिन्ह आधीं चढवावें, म्हणजे आज्ञा शिस्तीनें ५१२ वर येते. (ह्या चिन्हाचें पहिलें नांव बरेंच निराळें होतें. तें कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत छापण्याजोगें नाहीं. परंतु मानककारांविषयीं प्रोग्रॅम रचणाऱ्यांच्या मनांत काय होतें तें त्यावरून चांगलें कळतें.) शिकवणी-वर्गानें काय केलें होतें? मानकाचें पान उतरून घेतलें, त्यावरची सूचना कापली, शेवटचा ‘मूळ मानक निर्णायक’ हा इशाराहि कापला, आणि वर मथळा दिला, ‘लिनक्समधील आज्ञा’. एकहि शब्द त्यानें बदललेला नव्हता. एखादा शब्द बदलण्याची तसदी घेतली असती तर बरें झालें असतें.

मानकाचें पान हा कायदा आहे. माहितीपत्रक ही साक्ष आहे. कायदा सांगतो, असें झालें पाहिजे. साक्षीदारानें सांगावयाचें, मीं काय पाहिलें. साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभें राहून जर कोणी दंडविधानाचें कलम म्हणूं लागला, तर त्याचा एकेक शब्द खरा असूनहि न्यायाधीश त्याला खालीं उतरवील. हा भेद मानकाच्या व्याकरणांतच दिसतो. इंग्रजी मानकांत क्रियापदापुढें सर्वत्र ‘शॅल’ असतें: आज्ञेनें अमुक लिहिलेंच पाहिजे, तमुक केलेंच पाहिजे. चांगलें माहितीपत्रक साध्या वर्तमानकाळांत बोलतें: ही आज्ञा अमुक लिहिते. दिसावयास एका शब्दाचा फरक. पण तो करण्यापूर्वीं लेखकाला प्रोग्रॅम चालवून पाहावा लागतो, आणि हें चालवून पाहणें म्हणजेच त्याचें सर्व काम. ‘शॅल’ तसाच ठेवला कीं पाहण्याचे कष्ट वांचतात.

ह्याहून विलक्षण गोष्ट म्हणजे मानकाचीं मौनें. मानककार जेथें बोलत नाहींत तेथेंहि ते तीन प्रकारांनीं गप्प बसतात. एक मौन असें: तुम्ही चुकीचें कांहीं केलेंत, आतां वाटेल तें होवो, आम्ही बांधलेले नाहीं. दुसरें असें: तुमचें बरोबर आहे, पण उत्तर काय यावें तें आम्ही ठरवीत नाहीं. आणि तिसरें असें: हें प्रोग्रॅम रचणारानें ठरवावें, आणि काय ठरविलें तें त्यानें आपल्या माहितीपत्रकांत लिहावें. हें तिसरें मौन नीट ध्यानांत घ्यावें. मानकानें येथें जागा मुद्दाम रिकामी सोडून माहितीपत्रक लिहिणाराच्या हातांत लेखणी दिली आहे. आणि हा पठ्ठ्या काय करतो? परवानगी काढून मानकाचें तेंच वाक्य आपल्या पत्रकांत उतरून ठेवतो: ‘हें रचणारानें ठरवावें’! अहो, रचणारे तुम्हीच ना? पंक्तींत वाढप्याला विचारावें, भाजी कोणती, आणि त्यानें गंभीरपणें सांगावें, भाजी कोणती तें वाढपी सांगेल, अशी ही गत होते. असा उतारा शब्दशः निर्दोष, परवान्याच्या दृष्टीनें निष्कलंक, आणि वाचणाराला पूर्णपणें निरुपयोगी असूं शकतो.

म्हणूनच लिनक्सच्या परवानगींतील ती लहानशी अट, कीं बदल करा पण विरोध कोठें आहे तें दाखवा, ती आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. तिच्यामुळें कायदा आणि साक्ष एका पानावर नांदूं शकतात: येथें मानक ५१२ म्हणतें, आमची आज्ञा १०२४ म्हणते, आणि ही आमची मर्जी. ज्ञानेश्वरांनीं गीतेचा श्लोक बदलला नाहीं, आणि श्लोकच पुन्हां उतरून ते थांबलेहि नाहींत. त्यांनीं श्लोक श्लोकाच्या जागीं ठेवला आणि आपलें आपण बोलले. पॉझिक्सचीं पानें ‘पी’ अक्षर लावून वेगळीं ठेवण्याची युक्तिहि तेंच साधते. अडचण होते ती अक्षर पुसलें गेल्यावर.

आतां आमच्या मराठी पत्रकांविषयीं. भाषांतर हा ‘बदल’ कीं नव्हे? इंटरनेटचीं जीं मानकें ‘आर-एफ-सी’ ह्या नांवानें निघतात, त्यांच्याबाबत हा प्रश्न उरत नाहीं. १९९६ पासूनच्या त्यांच्या नियमांत असें सांगितलें आहे कीं, मजकुरांत फेरफार करूं नये, मात्र इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेंत उतरविण्यापुरता बदल चालेल. हें वाचून आम्हांला मनापासून आनंद झाला. सर्व पृथ्वी इंग्रजी वाचीत नाहीं ही गोष्ट एका तरी समितीच्या ध्यानांत होती. पॉझिक्सच्या पानांवरील सूचनेंत भाषांतराचें नांव नाहीं. म्हणून आम्ही मानकाचा उतारा मराठींत आणीत नाहीं. प्रोग्रॅम चालवितों, काय होतें तें पाहतों, आपल्या शब्दांत लिहितों, आणि जेथें मानकाचें म्हणणें निराळें आहे तेथें तेवढें नोंदवून वाचकाला मूळाकडे पाठवितों. काम दसपट वाढतें. एका आज्ञेला कधीं कधीं पंधरवडा लागतो, आणि तो लागल्याबद्दल आमच्या घरांत जीं मतें व्यक्त होतात तीं येथें देण्याचें कारण नाहीं.

शब्दांची अडचण राहतेच. ‘शॅल’ला आम्हीं ‘केलेंच पाहिजे’, त्याहून सौम्य ‘शुड’ला ‘करावें’ आणि ‘मे’ला ‘केलें तरी चालेल’ असे प्रतिशब्द ठरविले आहेत. ह्या तीन पायऱ्या मराठींत आपोआप बसतात, इतक्या कीं आपल्या आज्यांनीं व्रतांचे नियम सांगतांना त्याच वापरल्या असतील. पण त्या तिसऱ्या मौनाला काय म्हणावें? आम्हीं ‘रचनाकाराधीन’ असा एक भारदस्त शब्द योजिला होता. ‘डी-यू’चें पत्रक तयार झाल्यावर पहिली प्रत भाचीकडे पाठविली. ग्रंथालयाला मध्यंतरीं एका जुन्या सभासदानें मोठी तबकडी घेऊन दिली होती, आणि उरलेले अंक तिच्यावर उतरत होते. तिचें उत्तर आलें: “मामा, ठोकळ्याचा आंकडा पहिल्याच ओळींत दिलात हें उत्तम केलेंत. पण रचनाकाराधीन म्हणजे काय हें आमच्या शिपायाला विचारलें, तर तो म्हणाला, वास्तुशास्त्रांतलें कांहीं तरी असावें. ‘करणाऱ्यानें ठरवून लिहावें’ असें सरळ कां नाहीं लिहीत?” तिच्या शब्दांत ‘लिहावें’ हें आहे, तें आमच्या शब्दांत नव्हतें. दुसऱ्या प्रतींत तिचा शब्द घातला आहे. आतां ‘डी-एफ’चें पत्रक घेतलें आहे, आणि ठोकळ्याचा हाच तंटा तेथेंहि पुन्हां आहे.